मॅरिएटा, ओहायो: सीमेवरच्या पहिल्या वसाहतकऱ्यांचे रोजचे जीवन कसे होते? (१७८८ ते १७९५)

वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. नोकरीनिमित्त मी सध्या ओहायो राज्यात राहतो. राज्याच्या आग्नेय टोकाला, मस्किंगम नदी जेथे ओहायो नदीला मिळते तेथे, मॅरिएटा नावाचे लहान शहर आहे. तेथील कॅम्पस मार्शियस संग्रहालय नुकतेच पाहिले. जनरल रूफस पटनम यांचे अठराव्या शतकातील लाकडी घर तेथे मूळ जागीच उभे आहे आणि संग्रहालयाची इमारत त्या घराला आत घेऊन बांधलेली आहे. ७ एप्रिल १७८८ रोजी ४८ पुरुष होड्यांतून या संगमावर उतरले आणि ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशात स्वतंत्र अमेरिकेची पहिली कायमची वसाहत उभी राहिली, एवढे तेथील फलकांवरून समजले.

सीमेवरचा वसाहतकरी म्हटले की एक बंदूक, एक कुऱ्हाड आणि जंगलात एकटी झोपडी असेच चित्र आपल्या मनात असते. पटनम यांचे घर मात्र जाड फळ्यांचे, नीट सुतारकाम केलेले आणि मोठ्या तटबंदीचा एक भाग असलेले आहे. त्यामुळे मला मुळातून समजून घ्यावेसे वाटते की ही माणसे कोण होती, त्यांना जमीन कोणत्या हक्काने मिळाली, पहिली दोन-तीन वर्षे ती काय खाऊन जगली, आणि ज्यांच्या भूमीवर ती येऊन बसली त्या लोकांशी त्यांचे नेमके काय घडले. सेनापती आणि राज्यपाल यांच्यापेक्षा साध्या वसाहतकऱ्याविषयी कोणी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

साखळीमोजणी

जमिनीपासून सुरुवात करतो, कारण मॅरिएटाचे वेगळेपण तिथेच आहे.

हे लोक एकेकटे जंगलात शिरलेले नव्हते. ते एका कंपनीचे भागधारक किंवा पगारी माणसे होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना सरकारने रोख पगाराऐवजी कर्जरोखे दिले होते, आणि युद्ध संपल्यावर या रोख्यांना बाजारात दर्शनी किमतीचा अगदी लहान अंश मिळत असे. आठ वर्षे लढून घरी परतलेल्या माणसाच्या हाती असा कागद आणि डोक्यावर कर, अशी न्यू इंग्लंडमधील अनेक घरांची स्थिती होती. १ मार्च १७८६ रोजी बॉस्टनमधील ‘बंच ऑफ ग्रेप्स’ या खानावळीत पटनम, बेंजामिन टपर आणि इतरांनी ‘ओहायो कंपनी ऑफ असोसिएट्स’ स्थापन केली. हेच रोखे गोळा करून त्यांच्या बदल्यात सरकारकडून जमीन घ्यायची, असा तिचा विचार होता. कंपनीचा एक भाग (शेअर) एक हजार डॉलरच्या रोख्यांचा, त्यावर खर्चासाठी दहा डॉलर सोन्याच्या रूपात, आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त पाच भाग. मॅनासे कटलर नावाच्या धर्मोपदेशकाने १७८७ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला जाऊन काँग्रेसशी बोलणी केली. त्याच वर्षी १३ जुलैला संमत झालेल्या वायव्य अध्यादेशाने या प्रदेशाचा कारभार, धर्मस्वातंत्र्य, ज्यूरीसमोरील खटल्याचा हक्क आणि गुलामगिरीवरील बंदी ठरवून दिली.

एका भागाला शेवटी मिळून सुमारे ११७३ एकर जमीन आली. आकडा मोठा वाटतो, पण ती एकसंध नव्हती. गावात घरासाठी एक लहान भूखंड, गावालगत तीन आणि आठ एकरांचे तुकडे, त्यापलीकडे शंभर, एकशे साठ, दोनशे बासष्ट आणि सहाशे चाळीस एकरांचे तुकडे, अशी सोडतीने केलेली वाटणी होती. न्यू इंग्लंडमध्ये लोक गावात राहून बाहेरच्या शेतावर जात आणि तीच घडी येथे बसवायची होती. म्हणूनच साध्या वसाहतकऱ्याचा बराच वेळ आपल्या एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे चालण्यात जाई, आणि त्याचा सर्वांत मोठा तुकडा कित्येकदा अशा ठिकाणी असे की पुढील काही वर्षे तेथे पाऊल टाकणेही सुरक्षित नव्हते.

मोजणीविषयी थोडे विषयांतर करतो, कारण आपल्याकडील वाचकांना ते जवळचे वाटेल. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौकोन आखून प्रत्येकाचे ३६ खंड करण्याची पद्धत घालून दिली. एक खंड म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर, आणि सोळावा खंड शाळेसाठी राखीव. ही मोजणी ६६ फुटांच्या गंटर साखळीने होत असे. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे त्याच साखळीच्या निम्म्या लांबीचा चौरस आहे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकरही त्याच हिशेबातून आलेला आहे.

पहिल्या ४८ जणांत मोजणीदार, होड्या बांधणारे सुतार, लोहार आणि मजूर होते. कंपनी साध्या माणसाला महिन्याला चार डॉलर देत असे. प्रत्येकाने स्वतःची बंदूक, संगीन, गारगोट्या, बारूद आणि गोळ्या आणायच्या. एक कुऱ्हाड, एक कुदळ आणि तीस पौंडांपर्यंतचे सामान कंपनीच्या गाडीतून नेले जाईल, असा ठराव होता. एक तुकडी डिसेंबर १७८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून आणि दुसरी जानेवारीत कनेक्टिकटमधील हार्टफर्डहून निघाली. ॲलेगेनी डोंगरात बर्फ इतके होते की गाड्या सोडून घसरगाड्या कराव्या लागल्या. यॉकिओगेनी नदीच्या काठी त्यांनी होड्या बांधल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या प्रवाहात सोडल्या. संगम जवळ आला तेव्हा काठावरच्या दाट झाडीमुळे मस्किंगमचे मुख त्यांना दिसलेच नाही आणि ते पुढे वाहून गेले. समोरच्या हार्मार किल्ल्यातील सैनिकांनी दोर लावून होड्या परत वर ओढून आणल्या. हा किल्ला सरकारने १७८५ मध्येच बांधलेला होता. वसाहत आली तेव्हा नदीच्या दुसऱ्या काठावर फौज आधीपासून बसलेली होती, ही गोष्ट एकट्या झोपडीचे चित्र मनात आणताना विसरू नये.

चुलीपाशी

वरील प्रतिसादाला अन्नाची बाजू जोडते.

पहिल्या वर्षी कामाचा क्रम ठरलेला होता: झाडे पाडणे, मका लावणे, निवारा करणे. प्रत्येक झाड तोडणे शक्य नसे, कारण त्या खोऱ्यातील सिकॅमोर, ओक आणि ट्यूलिप पॉपलर यांचे बुंधे प्रचंड जाडीचे होते. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवतीची साल गोल पट्ट्याने काढून टाकत. झाड उभ्याउभ्या वाळे, पाने गळून जमिनीवर ऊन पडे, आणि त्या वाळक्या खोडांच्या मधल्या जागेत कुदळीने खड्डे करून मका पेरत. मक्याच्याच शेतात घेवडा आणि भोपळा लावीत. ही तिन्ही पिके एकत्र घेण्याची पद्धत मूळ रहिवाशांची होती आणि गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ती दीड शतकापूर्वीच उचललेली होती. नांगर चालवण्याजोगी जमीन व्हायला मुळे कुजेपर्यंत वाट पाहावी लागे. नदीकाठची माती इतकी सकस होती की पहिल्या हंगामातील मका पाहून पूर्वेकडे पाठवलेली पत्रे आनंदाने भरलेली आहेत.

पीक आले तरी पीठ कसे करायचे हा वेगळा प्रश्न होता. सुरुवातीला घराघरांत हाताने फिरवायचे जाते किंवा झाडाच्या बुंध्यात जाळून कोरलेले उखळ आणि लाकडी मुसळ असे. कुटुंबाच्या एका दिवसाच्या दळणात एका माणसाचा बराच वेळ जाई, आणि हे काम मुख्यतः बायका आणि मोठी मुले करीत. १७८९ मध्ये वुल्फ क्रीक या ओढ्यावर पाणचक्की उभी राहिली, ती आजच्या ओहायो राज्यातील पहिली चक्की मानली जाते, पण युद्ध सुरू झाल्यावर तिच्यापर्यंत जाणे धोक्याचे झाले. मग जोनाथन डेव्हॉल या होडी बांधणाऱ्या कारागिराने १७९१ मध्ये मॅरिएटाजवळच्या बेल्प्री या वस्तीत तरंगती चक्की केली. शेजारी शेजारी बांधलेल्या दोन होड्या, मध्ये चाक, एका होडीवर दगड आणि धान्य, आणि ओहायोच्या प्रवाहानेच चाक फिरायचे. काठापासून दूर नांगरल्यामुळे तिच्यावर हल्ला करणेही अवघड होते. या वसाहतीची बुद्धी मला या चक्कीत सर्वांत स्पष्ट दिसते.

आता १७९० विषयी, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या वर्षात आहे. १७८९ च्या शरद ऋतूत थंडीचा कडाका लवकर आला आणि दाणा भरण्यापूर्वीच मका गारठला. ओलसर दाणे साठवले गेले आणि त्यांना बुरशी लागली. असा मका खाऊन माणसे आजारी पडत, ओकाऱ्या होत, तरी तोच खावा लागे. पटनमच्या कंपनीने आणलेली नवी कुटुंबे सतत येत होती, म्हणजे खाणारी तोंडे वाढत होती आणि धान्य तेवढेच होते. आसपासची हरणे, अस्वले आणि रानटर्की दोन वर्षांच्या शिकारीने विरळ झाली होती. गाई मोजक्या होत्या. १७९० च्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी लोकांनी नेटल या खाज आणणाऱ्या रानपाल्याचे कोवळे शेंडे आणि इतर रानभाज्या उकडून खाल्ल्या. ज्या घरी गाय होती तेथील दूध शेजारच्या मुलांना जाई. मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेली साखर होती, पण मीठ डोंगरापलीकडून घोड्यांच्या पाठीवर येत असल्यामुळे अतिशय महाग होते आणि मिठाअभावी मांस टिकवता येत नसे.

या दिवसांत एका दांपत्याचे नाव आदराने घेतले जाते. ओहायोच्या दक्षिण काठावर, त्या वेळच्या व्हर्जिनियात, आयझॅक आणि रिबेका विल्यम्स हे आधीपासून राहत होते आणि त्यांचे पीक चांगले आले होते. मक्याचा भाव बुशेलमागे (धान्याचे एक माप) दीड ते दोन डॉलरपर्यंत चढलेला असताना, आणि व्यापारी सगळा साठा एकदम उचलायला तयार असताना, त्यांनी तो गरजू कुटुंबांना पन्नास सेंटने, प्रत्येक घरातील माणसे मोजून विकला, आणि ज्याच्याजवळ पैसे नव्हते त्याला उधार दिला. जुलैत कोवळा मका, घेवडा आणि भोपळे आले तेव्हा तुटवडा संपला. सीमेवरचा माणूस स्वतःच्या मनगटावर जगला असे म्हणण्याची प्रथा आहे. या एका वर्षाचा वृत्तांत वाचला तर तो बहुतांशी शेजाऱ्याच्या कोठारावर जगला असेच म्हणावे लागते.

पोथीवाचक

काळाचा अंदाज यावा म्हणून एक लहानशी जोड. ज्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे या वसाहतकऱ्यांच्या सैन्यापुढे शरणागती पत्करली, तोच १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला आणि १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे आणि निजाम यांच्याशी त्याने करार केला. मॅरिएटात लोक रानपाला उकडून खात होते ते हेच वर्ष. गावाचे नावही त्याच युद्धातील फ्रान्सच्या मदतीच्या कृतज्ञतेपोटी राणी मारी आंत्वानेत हिच्यावरून ठेवलेले आहे.

नदीपलीकडे

जमिनीच्या हक्काविषयीचा प्रश्न अजून पूर्ण झालेला नाही, आणि तो टाळून या लोकांचे जीवन समजणार नाही.

कंपनीने जमीन सरकारकडून विकत घेतली हे खरे, पण सरकारकडे ती कशी आली? १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्स येथे इंग्रजांनी केलेल्या तहानुसार ओहायो नदी ही सीमा मानली गेली होती. १७८५ मध्ये फोर्ट मॅकिंटॉश येथे अमेरिकेने वायंडॉट, लेनापे आणि मूळ रहिवाशांच्या इतर काही गटांच्या प्रमुखांकडून नदीच्या उत्तरेचा मोठा प्रदेश लिहून घेतला. शॉनी आणि मायामी या दुसऱ्या गटांना तो करार मान्य नव्हता, आणि सह्या करणाऱ्यांना सर्वांच्या वतीने जमीन देण्याचा अधिकारच नव्हता, अशी त्यांची भूमिका होती. सर्व राष्ट्रांची भूमी सर्वांच्या संमतीवाचून कोणालाही देता येत नाही, हा मूळ रहिवाशांच्या या राष्ट्रांनी मिळून केलेल्या संघाचा सिद्धांत होता आणि तो त्यांनी काँग्रेसला लेखी कळवला होता. वायव्य अध्यादेशातच एक कलम आहे की मूळ रहिवाशांशी नेहमी सद्भावनेने वागले जाईल आणि त्यांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेतली जाणार नाही. हे कलम आणि कंपनीचा करार एकाच उन्हाळ्यातील आहेत.

पहिल्या दिवशी दोघांची भेट मैत्रीची झाली. लेनापे प्रमुख होपोकान, ज्यांना इंग्रजीत कॅप्टन पाइप म्हणत, ते व्यापारासाठी सुमारे सत्तर माणसांसह हार्मार किल्ल्यापाशी आलेले होते आणि त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. पण ज्यांनी हे स्वागत केले त्यांच्या स्मृतीत ८ मार्च १७८२ हा दिवस होता. त्या दिवशी याच मस्किंगमच्या वरच्या खोऱ्यात, ग्नाडेनह्युटेन येथे, पेनसिल्व्हेनियाच्या स्वयंसेवक सैनिकांनी ख्रिस्ती झालेल्या ९६ निःशस्त्र लेनापे स्त्री-पुरुषांना आणि मुलांना ठार मारले होते. पटनमची माणसे त्या कृत्यात नव्हती. तरी ती त्याच नदीवर येऊन उतरली होती.

१७८९ च्या जानेवारीत फोर्ट हार्मार येथे राज्यपाल आर्थर सेंट क्लेअर यांनी जुनाच करार पक्का करून घेतला. त्यातून शांतता आली नाही. २ जानेवारी १७९१ रोजी मस्किंगमवर सुमारे तीस मैल वर असलेल्या बिग बॉटम या नव्या ठाण्यावर लेनापे आणि वायंडॉट योद्ध्यांनी संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी हल्ला केला. तेथील तरुणांनी ओंडक्यांमधल्या फटी बुजवलेल्या नव्हत्या, कुंपण घातलेले नव्हते आणि पहाराही ठेवलेला नव्हता. एक स्त्री आणि दोन मुले धरून बारा जण मारले गेले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला मायामी प्रमुख लिटल टर्टल आणि शॉनी प्रमुख ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखालील संघाने सेंट क्लेअर यांच्या सैन्याचा धुव्वा उडवला. सहाशेहून अधिक सैनिक पडले. मूळ रहिवाशांशी झालेल्या युद्धांत अमेरिकेच्या सैन्याचा एवढा मोठा पराभव पुन्हा झाला नाही.

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट १७९३ ची आहे. सरकारच्या प्रतिनिधींनी संघाला जमिनीच्या बदल्यात मोठी रक्कम देऊ केली. संघाने उत्तर दिले की पैशाचा आम्हाला उपयोग नाही. नदीच्या या बाजूला आलेले वसाहतकरी गरीब असले पाहिजेत, एरवी ते अशा सततच्या संकटाच्या देशात राहायला आलेच नसते. म्हणून आम्हाला देऊ केलेली रक्कम त्यांच्यातच वाटून द्या, म्हणजे ते आनंदाने परत जातील. युद्ध चालू असताना शत्रूच्या बाजूच्या साध्या माणसाची स्थिती इतक्या अचूकपणे ओळखणारा दुसरा कागद माझ्या वाचनात नाही. तो प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. २० ऑगस्ट १७९४ रोजी फॉलन टिंबर्स येथे अमेरिकेचे सेनापती अँथनी वेन यांच्या सैन्याने संघाचा पराभव केला आणि ३ ऑगस्ट १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाने आजच्या ओहायोचा बहुतेक भाग अमेरिकेकडे गेला.

आणखी एक. मॅरिएटाचा आराखडा करताना पटनम यांना तेथे मातीचे उंच टेकाड आणि भव्य बांध आढळले, जे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी रचलेले होते. कटलर यांनी त्यांवरच्या पाडलेल्या झाडांची वर्तुळे मोजली, ती चारशेहून अधिक भरली. कंपनीने ही स्थळे राखून ठेवली, त्यामुळे मोठे टेकाड आजही तेथील दफनभूमीत उभे आहे. प्राचीन लोकांच्या बांधकामाविषयी हा आदर आणि त्या वेळी तेथे हयात असलेल्या लोकांच्या हक्कांविषयीची अनास्था, ही दोन्ही एकाच माणसांत होती.

वाटसरू

आपणा सर्वांचे मनापासून आभार. १७९३ च्या उत्तराची मला काहीच कल्पना नव्हती. ‘नदीपलीकडे’ यांच्या प्रतिसादानंतर एक प्रश्न उरतो. १७९१ ते १७९५ ही चार वर्षे शेती, शाळा, बाळंतपणे, आजार हे सगळे तटबंदीच्या आत कसे चालले? ‘चुलीपाशी’ यांना स्त्रियांच्या बाजूने काही सांगता आले तर वाचायला आवडेल.

चुलीपाशी

सांगते.

कॅम्पस मार्शियस म्हणजे साधारण १८० फूट लांब-रुंद चौक, चार कोपऱ्यांना दुमजली बुरूजघरे आणि मधल्या बाजूंना घरांच्या सलग रांगा. भिंती गोल ओंडक्यांच्या नव्हत्या. दोन माणसांनी वरखाली ओढायच्या मोठ्या करवतीने कापलेल्या जाड फळ्यांच्या होत्या. आपण पाहिलेले पटनम यांचे घर त्याच रांगेतील आहे. बिग बॉटमच्या बातमीनंतर विखुरलेली कुटुंबे येथे, ओहायोच्या काठावरील दुसऱ्या तटबंदीत आणि हार्मार किल्ल्यात गोळा झाली. बेल्प्रीच्या शेतकऱ्यांनी त्याच जानेवारीत तेरा बुरूजघरांची ‘फार्मर्स कॅसल’ नावाची गढी बांधली. एका घरात दोन-तीन कुटुंबे राहत.

शेती थांबली नाही, पण ती टोळीने होऊ लागली. काही जण नांगरत, काही जण बंदुका घेऊन शेताच्या कडेला उभे राहत आणि ठरावीक वेळाने अदलाबदल होई. कंपनीने पगारावर नेमलेले रेंजर दररोज दोघे-तिघे मिळून भोवतालच्या जंगलात मैलोन् मैल फेरी घालीत, ताजी पाऊलखूण शोधत, आणि धोका दिसला की तोफेचा आवाज करून सर्वांना आत बोलावले जाई. गुरे रानात चरायला सोडावी लागत आणि ती मारली जात, म्हणून दूधही पुन्हा कमी झाले. मेंढ्या लांडग्यांमुळे टिकत नसत, त्यामुळे लोकर जवळजवळ नव्हती. स्त्रिया जवसाच्या झाडाचा वाख कुजवून, कुटून, कातून कापड विणत, आणि जवस नसेल तेव्हा रानातल्या नेटलच्या दांड्यांचा धागा काढीत. वर ज्या पाल्याचा उल्लेख केला त्याच वनस्पतीने भूक आणि वस्त्र दोन्ही भागवले.

आजारांपैकी देवीची साथ १७९० च्या हिवाळ्यात नदीवरून आलेल्या एका होडीतील रुग्णाबरोबर शिरली. जेन्नरची गाईच्या देवीची लस अजून यायची होती. गावाने विचार करून सर्वांना देवी टोचून घेण्याचा निर्णय केला, म्हणजे रुग्णाच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालून सौम्य आजार आणण्याची जुनी पद्धत वापरली. ती धोक्याची होती, तरी नैसर्गिक लागणीपेक्षा तिच्यात मृत्यू फार कमी होत. अन्नाचा तुटवडा आणि ही साथ एकाच वर्षी आली. दलदलीच्या काठांमुळे हिवताप दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी येई, आणि त्यावरचे औषध म्हणजे सिंकोनाची साल मिळाली तर मिळाली. त्या काळातील एखाद्या आईचे पत्र वाचताना लक्षात ठेवावे की माहेरी पोहोचायला त्याला कित्येक आठवडे लागत. मॅरिएटाला टपाल कार्यालय मिळाले तेच मुळी १७९४ मध्ये, आणि टपाल होडीने येई.

शाळा मात्र पहिल्या हिवाळ्यापासून होती. बेल्प्रीत १७८९ च्या उन्हाळ्यात बाथशीबा राउस नावाच्या तरुणीने लहान मुलांना शिकवायला सुरुवात केली, आणि त्या प्रदेशातील पहिल्या शिक्षिकांत तिची गणना होते. डॅनियल स्टोरी हे धर्मोपदेशक १७८९ मध्ये आले, त्यांचा खर्च कंपनी अंशतः उचलत असे. १७९७ मध्ये मस्किंगम अकादमीची इमारत झाली. या लोकांच्या पुस्तकांच्या ओढीचे एक उदाहरण थोडे नंतरचे आहे, पण ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १८०४ मध्ये जवळच्या एम्स वस्तीतील शेतकऱ्यांनी, हाती रोख पैसा नसल्यामुळे, रॅकून आणि इतर प्राण्यांची कातडी जमवली. त्यांच्यापैकी सॅम्युएल ब्राउन ती घेऊन बॉस्टनला गेले, आणि आलेल्या पैशांतून सार्वजनिक वाचनालयासाठी ५१ पुस्तके घेऊन परतले. त्या वाचनालयाला लोक पुढे ‘कूनस्किन लायब्ररी’ म्हणू लागले.

साखळीमोजणी

शेवटचा धागा जमिनीचाच. युद्धकाळात कंपनीचे हप्ते थकले, १७९२ च्या न्यूयॉर्कमधील आर्थिक पडझडीत तिच्या खजिनदाराचे दिवाळे निघाले, आणि मूळ पंधरा लाख एकरांपैकी बराच भाग तिला घेता आला नाही. त्याच वर्षी पटनम आणि कटलर यांनी काँग्रेसकडून एक लाख एकरांचे विशेष क्षेत्र मिळवले, जे सीमेवर भिंतीसारखे राहायला तयार असलेल्या पुरुषांना प्रत्येकी शंभर एकर याप्रमाणे फुकट द्यायचे होते. अटी मात्र होत्या: ठरावीक मापाचे घर बांधणे, शस्त्र बाळगणे, आणि तीन वर्षांत किमान पन्नास सफरचंदाची किंवा नाशपातीची आणि वीस पीचची झाडे लावणे. फळझाड लावणारा माणूस लवकर उठून जात नाही, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे या भागात रोपवाटिकांचा धंदा वाढला, आणि ‘रोम ब्यूटी’ हे सफरचंद पटनम कुटुंबाच्या रोपवाटिकेतून नेलेल्या एका रोपापासूनच पुढे आले.

१७९५ नंतर कुटुंबे गढ्यांतून आपापल्या तुकड्यांवर गेली. कंपनीचे बहुसंख्य भागधारक न्यू इंग्लंडमधून कधी आलेच नाहीत. त्यांनी भाग विकले आणि ते विकत घेणाऱ्यांत अनेक साधे शेतकरी होते. आलेल्यांपैकी काही १७९० नंतर परतले, काही केंटकीकडे उतरले. जे राहिले त्यांच्यापुढे माल विकण्याचा प्रश्न होता, कारण डोंगर ओलांडून पीठ किंवा खारवलेले डुकराचे मांस नेणे परवडत नसे आणि ओहायो नदी ज्या मिसिसिपीला मिळते तिचे मुख स्पेनच्या ताब्यात होते. १७९५ च्या स्पेनबरोबरच्या तहाने ती वाट मोकळी झाली. १८०० मध्ये मॅरिएटात ‘सेंट क्लेअर’ नावाचे समुद्रगामी जहाज बांधले गेले. नौदलाचे जुने अधिकारी अब्राहम व्हिपल, जे तेव्हा तेथे शेती करत होते, ते पुन्हा कप्तान झाले आणि न्यू ऑर्लिन्स आणि हवानामार्गे त्यांनी ते जहाज फिलाडेल्फियाला नेले.

गुलामगिरीवरील बंदीही केवळ कागदावर राहिली नाही. १८०२ मध्ये ओहायोची राज्यघटना तयार होत असताना ती सैल करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मॅरिएटाच्या परिसरातून निवडून गेलेले रूफस पटनम आणि मॅनासे कटलर यांचे पुत्र एफ्राइम कटलर यांनी तिला ठामपणे विरोध केला. नदीच्या पलीकडच्या काठावर व्हर्जिनियात त्या वेळी माणसे विकली जात होती. आपण पुन्हा मॅरिएटाला गेलात तर नदीवरचा पूल ओलांडून विल्यम्सटाउनलाही जावे. १७९० मध्ये पन्नास सेंटने मका विकणाऱ्या त्या दांपत्याच्याच आडनावावरून ते गाव ओळखले जाते.